धागा तुटला

शुक्रवारी पालक येतात. एकेक जण.
आपलं काम घेऊन यायचं, एवढाच नियम.
इनायाच्या अम्मीनं शिलाईचा टेप आणला,
तर पोरांनी दार मोजलं, मला मोजलं,
भिंतीवरची पाल राहिली, कारण ती पळाली.
शौनकच्या आजोबांनी तर्री-पोह्याचा ठेला मांडला
मातीच्या चण्यांसकट,
आणि बिल मागितल्यावर बत्तीस पोरांनी
संत्र्याच्या साली मोजून दिल्या.
दोन जास्त भरल्या. त्यांनी परत केल्या.
हिशेब म्हणजे हिशेब.

रेवाराम सोरते मात्र तीन शुक्रवार टाळत होता.
ई-रिक्षा फाटकाशी उभी, एक पाय आत, एक बाहेर.
"मॅडम, रिक्षा काय दाखवू जी पोट्ट्याइले?
रोज तर बसतेत त्याच्यात."
"अन् आधीचं काम?"
"ते जाळलं. तीन हिवाळे पाणी तापलं त्याच्यावर."
मागाबद्दल बोलत होता.
मी म्हटलं, मग तेच आणा.

तांडापेठेत आता खटखट ऐकायची
तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कान द्यावा लागतो.
आमची खोलीही कधीकाळी मागाचीच.
पाय सोडायचा खड्डा बुजवलाय,
तिथलं सिमेंट अजून वेगळ्या रंगाचं;
पोरं त्याला विहीर म्हणतात
आणि वळसा घालून जातात.

चौथ्या शुक्रवारी आला. हात रिकामे.
विहिरीच्या काठी बसला, पाय जणू आत सोडून.
"मांडीभर खोल असन," म्हणाला, स्वतःशीच.
मग उठून पोरांना उभं करू लागला.

अठरा पोरं ओळीत, हातभर अंतर. हा ताणा.
हलायचं नाही. हललं का लुगडं वाकडं.
उरलेली बाणा: एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून,
डोकं खाली, पुढच्याचा स्वेटर धरून.
हर्षिद मेश्राम धोटा झाला,
तो तसाही कुठे थांबतो.
रेवाराम टाळी द्यायचा, खट्.
पोरं म्हणायची, खट्.
पुढं आणि मागं, जे मी जूनपासून शिकवतेय,
ते दहा मिनिटांत झालं,
लाल स्वेटरच्या पुढून, निळ्याच्या मागून.

आणि कृपाली, त्याचीच,
हातातला स्वेटर सोडून मधेच खाली बसली.
"मी तुटली."
मागची सगळी तिच्यावर आदळली.
हर्षिद तीन पोरं घेऊन पार पुढं निघून गेला होता.
मी समजूत काढायला उठले;
बापानं हात वर केला.
चेहरा एकदम कामावरचा झाला होता.
"थांबवा. धागा तुटला का माग चालवाचा नाई.
दोन टोकं हुडका. बोट ओलं करा."

ओळीतली इनाया वाकली. बोट जिभेला लावलं,
हर्षिदच्या शेपटाला मागं ओढलं,
स्वेटरचं टोक कृपालीच्या मुठीत दिलं
आणि हवेत गाठ मारली.
उरलेला दोरा दातानं तोडला, अम्मीसारखा.

"काऊन तुटली व?" बापानं विचारलं.
"पाहून रायली होती, तू थांबतं का."

साडेअकराला त्याला मेयोचं भाडं होतं.
फोन तीनदा वाजला.
तो बाराला गेला.

सोमवारी हजेरी घेत होते.
विधान बोरकर नाही. ताप असावा.
मी पुढच्या नावावर गेले.
"मॅडम, धागा तुटला," कोणीतरी म्हणालं,
"अन् तुम्ही चालवूनच रायल्या."

तेव्हापासून हजेरीला वेळ लागतो.
घरी फोन लावावा लागतो, स्पीकरवर.
विधान पलीकडून खोकतो,
इकडे एकतीस ओली बोटं वर होतात,
तोवर उपमा गार.

एका आईची चिठ्ठी आलीय:
मुलगा घरी सारखी बोटं चाटतो, कृपया लक्ष द्यावे.
येत्या शुक्रवारी तिचीच पाळी आहे.